गाडी न पाठवण्याचं काम

संध्याकाळचे सात वाजायला आलेले. फोनवर एक बाई. आवाजात घाई, मागे दोन मुलांची एकाच वेळी चाललेली बडबड.

"झाडाखाली पक्ष्याचं पिल्लू पडलंय. तुमची गाडी किती वेळात येईल?"

"आत्ता कुठे आहे ते?"

"माझ्या हातात."

वन्यजीव बचाव हेल्पलाइनवर बसायला लागल्यापासून हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय, की पहिला प्रश्न आता तोच असतो. 'पडलंय' म्हणून फोन करणाऱ्यांनी बहुतेक वेळा ते उचललेलं असतं. मग पुढचे प्रश्न. अंगावर पिसं आहेत की नुसती गुलाबी कातडी? डोळे उघडे आहेत? शेपूट दिसते का? खाली ठेवलं तर उभं राहतं की आडवं पडतं? बाई खाली ठेवतात आणि पलीकडे एकच गलका उठतो. पिल्लू टुणटुण उड्या मारत सुटलेलं असतं.

"शेपूट आहे, बोटाच्या पेराएवढी. आणि वर तारेवर एक पक्षी मघापासून नुसता कोकलतोय हो. त्याचं काय करायचं?"

त्याचं काहीच करायचं नाही. तो आई किंवा बाप आहे, आणि या सगळ्या प्रकरणात काय करायचं ते फक्त त्यालाच नीट माहीत आहे.

गाडी पाठवायची नाही हे मला तिथेच कळलेलं असतं. पण ते बाईंना पटवायला पुढची १८ मिनिटं गेली. पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू घरट्यातून बाहेर पडल्यावर काही दिवस जमिनीवर, झुडपात असंच हुंदडतं आणि त्याचे आईबाप त्याला तिथेच येऊन भरवतात, हे सांगितलं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत खोटी आहे, हेही सांगितलं. तरी त्यांचं "पण मांजर आलं तर?" होतंच. तो प्रश्न रास्त होता. मांजर शेजाऱ्यांचं होतं; रात्रीपुरतं घरात घ्यायला सांगा म्हटलं, आणि पिल्लू जवळच्या दाट झुडपात उंचावर ठेवायला लावलं. मुलांना घेऊन तीसेक पावलं मागे जा, बोलू नका, फोन कानालाच असू द्या. चार-पाच मिनिटं नुसता श्वासाचा आवाज. मग बाई कुजबुजल्या, "आली. चोचीत काहीतरी आहे." आणि फोन ठेवून दिला. आभार वगैरे काही नाही. मला ते आवडलं.

या फोनची नोंद मी नोंदवहीत केली तेव्हा एक अडचण आली. तिच्यावर मी पुढे येणारच आहे, कारण हा सगळा लेख त्या अडचणीबद्दल आहे.

माझं म्हणणं असं: वन्यजीव बचावात गाडी, पिंजरा, जाळी आणि दवाखाना यांना आपण जे महत्त्व देतो ते फोनला देत नाही, आणि त्यामुळे प्राणी मरतात. फोन म्हणजे गाडीला पत्ता सांगणारी खिडकी, तिथे कुणीही प्रेमळ माणूस बसवला की झालं, अशी जवळजवळ सगळ्यांची समजूत आहे. देणगीदारांची, सरकारी खात्यांची आणि खुद्द बचाव संस्थांची सुद्धा. प्रत्यक्षात कुठला प्राणी उचलायचा, कुठला अजिबात उचलायचा नाही आणि कुठल्यासाठी आता काही करण्यासारखं उरलेलं नाही, हे तिन्ही निर्णय पहिल्या पाच मिनिटांत फोनवर होतात. दवाखान्यातला पशुवैद्य त्यातला फक्त पहिला गट पाहतो.

न उचलण्याचा निर्णय सर्वांत अवघड. तो दिसायला निष्ठुर दिसतो. हरणाचं पाडस गवतात एकटं, न हलता बसलेलं दिसलं की बघणाऱ्याला वाटतं, अनाथ आहे. वास्तविक त्याची आई त्याला मुद्दाम तसं दडवून दूर चरायला गेलेली असते, कारण ती जवळ घुटमळत राहिली तर तिच्या वासावर शिकारी येईल. शिकाऱ्यांच्या नजरेपासून वाचण्याचा हा फार जुना डाव आहे. युरोपातली रानसशी तर आपल्या पिल्लांना दिवसातून एकदाच, सूर्य मावळल्यावर थोडा वेळ पाजते. दिवसाउजेडी ती पिल्लं पाहणाऱ्या प्रत्येकाला ती बेवारसच दिसणार. अशा पाडसाला उचलून आणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी असतं आणि हेतू निर्मळ असतो. तरी त्याने केलेलं असतं ते अपहरण.

मे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हेच झालं. बायसनचं नवजात वासरू थंडीने कुडकुडतंय असं वाटून पर्यटकांनी ते आपल्या गाडीत घातलं आणि रेंजरांकडे नेलं. रेंजरांनी ते कळपात मिसळवण्याचे पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. कळपाने घेतलं नाही. वासरू माणसांच्या आणि गाड्यांच्या मागे येऊ लागलं, आणि शेवटी त्याला दयामरण द्यावं लागलं. जगभर त्या पर्यटकांची टर उडवली गेली. मला मात्र ती बातमी वाचताना एवढंच वाटत राहिलं, की वासरू गाडीत घालण्याआधी त्या माणसांचं कुणाशी फोनवर बोलणं झालं असतं तर? मूर्ख ते नव्हते. मूर्ख माणूस पुढे निघून जातो. थांबलेला, घाबरलेला आणि काहीतरी करायलाच हवं असं वाटणारा माणूस हाच आमचा गिऱ्हाईक आहे, आणि त्याचं ते 'काहीतरी' योग्य दिशेला वळवणं हे आमचं काम.

ते वळवायला आवाज लागतो आणि माहितीही लागते. माहितीबद्दल आधी बोलते, कारण 'प्रेमळ माणूस पुरे' हा गैरसमज तिथेच तुटतो.

पक्ष्याच्या तोंडात पाणी घालू नका, हे मी दिवसातून किती वेळा सांगत असेन. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशी उघडते. बाटलीच्या टोपणाने किंवा कापसाच्या बोळ्याने घातलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं, आणि ज्याने तहानेने व्याकूळ समजून ते घातलं त्याच्याच हातात पक्षी गुदमरतो. दूध तर नकोच. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. (काही दिलंत का, असं विचारल्यावर "छे छे, काहीच नाही" असं जो फार पटकन म्हणतो, त्याने दूध दिलेलं असतं. हा माझा अनुभव, शास्त्र नव्हे.) मांजराच्या तोंडातून सोडवलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी त्याला डॉक्टरकडे न्यायलाच हवा, मांजराच्या दातांवर पाश्चरेला नावाचे जिवाणू असतात आणि पिसांखाली लपलेल्या टाचणीएवढ्या भोकातून ते रक्तात गेले की प्रतिजैविकाशिवाय एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. काचेवर आपटून सुन्न झालेल्या पक्ष्याला हाताळत बसायचं नाही. भोकं पाडलेलं खोकं, आत कापड, अंधार, शांतता. तासा-दोन तासांत बरेचसे सावरतात, न सावरलेल्याला दवाखाना. उंदरांसाठी लावलेल्या चिकट पाटीवर पाल, साप किंवा चिमणी अडकली तर ओढायचं नाही. आधी मोकळ्या चिकटावर कागद दाबायचा, म्हणजे धडपडीत आणखी अवयव चिकटत नाहीत, आणि तसंच पाटीसकट पाठवायचं.

वटवाघूळ असेल तर माझा आवाज बदलतो. उघड्या हाताने धरलंत का? चावलं का, ओरखडा आहे का? वटवाघळाच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो, आणि त्याची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून आधी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, तशीच इस्पितळात जा, वटवाघळाचं मी बघते. सापाचंही तसंच. सर्पदंशाने जगात दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि २०१७ मध्ये त्या संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. घरात साप निघाल्याचा फोन आला की मी पहिल्यांदा माणसं मोजते: घरात किती जण आहेत, लहान मूल कुठे आहे, सापावर नजर ठेवायला लांब कोण उभं आहे, काठी कुणाच्या हातात आहे. काठी खाली ठेवायला लावणं हे त्या फोनमधलं सगळ्यात मोठं यश.

आता सांगा, हे सगळं 'फोन उचलणं' आहे?

आणि या माहितीत चूक झाली तर काय होतं, ते मी माझ्याच चुकीवरून सांगू शकते. माझ्या सुरुवातीच्या महिन्यांत एका मुलाचा फोन आला. पिल्लू जमिनीवर, पिसं आलेली, उड्या मारत नाहीये पण 'बसलंय'. मी पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं: राहू द्या, आई येईल, लांबून बघा. मुलगा शहाणा, त्याने अक्षरशः तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोटो पाठवला. पंखाखाली माश्यांनी घातलेल्या अंड्यांचा पांढरा पुंजका होता, आणि पिल्लू मेलेलं होतं. माश्या जिवंत पण मरगळलेल्या, जखमी जिवावरही अंडी घालतात. तो पुंजका दिसला की 'राहू द्या' हे उत्तर संपतं. मी तो प्रश्न विचारलाच नव्हता. अंग गार लागतंय का, रक्त आहे का, माश्या घोंगावताहेत का. तीन प्रश्न, अर्धं मिनिट. न उचलण्याचा सल्ला हा सुद्धा उपचारच आहे आणि चुकीच्या रुग्णाला दिला तर तो जीव घेतो, हे मला त्या फोटोने शिकवलं. त्यानंतर मला कुणी बोललं नाही. खरं तर तेच वाईट होतं. संस्थेत कुणाला कळलंच नाही, कारण फोनवर काय सांगितलं गेलं हे तपासायची कुठली पद्धतच नव्हती. दवाखान्यात एखादा प्राणी दगावला तर त्याचा कागद होतो. फोनवर दगावला तर होत नाही.

या कामाची फळं मोजली जात नाहीत तशा त्यातल्या चुकाही नाहीत. मोजतो आपण काय? गेल्या वर्षात अमुक इतके प्राणी वाचवले. प्रत्येक बचाव संस्थेच्या माहितीपत्रकावर तो आकडा ठळक असतो आणि दरवर्षी तो वाढलेला असावा अशी अपेक्षा असते. या आकड्याची गंमत बघा. आईबाप हयात असलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू गाडी पाठवून उचललं, दहा दिवस हाताने भरवलं आणि सोडून दिलं, तर आकडा एकाने वाढतो. तेच पिल्लू फोनवर १८ मिनिटं घालवून आईबापांकडे राहू दिलं, तर आकडा वाढत नाही. हाताने वाढवलेलं पिल्लू कितीही जीव लावून वाढवलं तरी आईबापांच्या तोडीचं शिक्षण त्याला मिळत नाही. माणूस त्याच्यासाठी आई होऊन बसण्याचा धोका वेगळाच. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कोनराड लोरेंट्स याला आई समजून त्याच्या मागे रांगेत चालणारी हंसांची पिल्लं छायाचित्रात गोड दिसतात, रानात सोडल्यावर माणसाकडे धावणारं जनावर गोड राहत नाही. आणि पकडण्याचा, वाहतुकीचा धक्का काही जातींना सहनच होत नाही: हरणांमध्ये नुसत्या धरपकडीच्या ताणाने स्नायू विरघळून जनावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतं. म्हणजे जिथे आपण अपयशी ठरलो तिथे आपला आकडा वाढतो, आणि जिथे यशस्वी झालो तिथे तो जागचा हलत नाही. असा आकडा समोर ठेवून पैसे वाटणारा देणगीदार नकळत गाड्या पाठवायलाच पैसे देत असतो. त्याचा दोष नाही. आम्हीच त्याला तो आकडा दिला.

प्रतिबंधाला किंमत देणं अशक्य नाही, हे २००० साली दक्षिण आफ्रिकेत दिसलं. त्या जूनमध्ये केप टाउनजवळ 'ट्रेझर' नावाचं जहाज बुडालं आणि पेंग्विनांच्या दोन मोठ्या वसाहतींच्या मधल्या समुद्रात तेल पसरलं. तेलाने माखलेले सुमारे १९,००० पेंग्विन हजारो स्वयंसेवकांनी हाताने धुतले. त्याची छायाचित्रं जगभर गेली आणि जायलाच हवी होती. पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट केली गेली. ज्यांना अजून तेल लागलं नव्हतं असे सुमारे १९,५०० पेंग्विन पकडून शेकडो किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. ते पोहत घरी परतेपर्यंत तेल आवरायला वेळ मिळाला. या दुसऱ्या गटातल्या पेंग्विनाच्या अंगावर तेलाचा थेंब नाही, त्याला कुणी साबण लावलेला नाही, त्याची छायाचित्रातली ओळख शून्य. तरी त्या मोहिमेच्या हिशेबात तो पहिल्या गटाच्या शेजारी मोजला गेला. मला फोनच्या बाबतीत इतकंच हवं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की तुम्ही म्हणता ती माहिती ठरावीक आहे, मग माणूस कशाला हवा? ॲप करा. पक्षी असेल तर एक दाबा, साप असेल तर दोन. मी यंत्रांच्या विरोधात नाही. लोक फोनवरून फोटो पाठवू लागले तेव्हापासून आमचं निम्मं काम सोपं झालंय. पूर्वी "गरुड सापडलाय" म्हणून तासभर चर्चा व्हायची आणि खोक्यातून कबुतराचं पिल्लू निघायचं. (कबुतराचं पिल्लू दिसायला इतकं विचित्र असतं, की त्या लोकांना मी दोष देत नाही.) पण फोटो 'काय आहे' ते सांगतो, 'पुढे काय होणार' ते फोन करणारा माणूस ठरवतो. त्या बाईंना सूचना पाच ओळींत मिळाल्या असत्या. त्यांनी त्या वाचल्या असत्या आणि तरी पिल्लू खोक्यात घालून घरात नेलं असतं, कारण मुलं बघत होती आणि मुलांसमोर ते 'टाकून' देणं त्यांना जमलं नसतं. त्या १८ मिनिटांत सूचनांना तीन गेली असतील. उरलेल्या १५ मध्ये त्या बाईंना आपण क्रूर नाही आहोत याची खात्री करून दिली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: निसर्गात प्राणी मरणारच, या सगळ्या उठाठेवीची गरजच काय? माझ्याकडे येणाऱ्या फोनांमध्ये निसर्ग फार कमी असतो. पाळलेलं मांजर, काच, गाडीचं चाक, चिकट पाटी, घरटं असलेल्या फांदीवर चाललेली करवत. अमेरिकेत फक्त इमारतींच्या काचांवर आपटून वर्षाला ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी मरत असावेत, असा अंदाज २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला होता. काच निसर्गाने बसवलेली नाही. आणि जे खरोखर निसर्गाचं असतं, म्हणजे ससाण्याने उचललेलं पिल्लू किंवा सापाने गिळलेला बेडूक, तिथे आम्ही हात घालत नाही. लोक चिडतात. चिडू देत.

या फोनचा आणखी एक उपयोग आहे. तो बचाव संस्थांनाही नीट उमगलेला नाही, म्हणून थोडं विषयांतर करते. १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे मरून पडत होते. पुढे त्याच शहरात माणसांना मेंदूज्वर होऊ लागला आणि त्याचं पहिलं निदान झालं सेंट लुईस एन्सेफलायटिस, म्हणजे डासांमुळे पसरणारा एक मेंदूज्वर. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुविकृतितज्ज्ञ (प्राणी कशाने मेला ते तपासणाऱ्या डॉक्टर) ट्रेसी मॅकनमारा यांना ते पटेना, कारण त्या आजाराने पक्षी असे मरत नाहीत आणि इथे तर संग्रहालयातले पक्षीही मरू लागले होते. त्यांनी पिच्छा पुरवला. तो निघाला वेस्ट नाइल विषाणू, अमेरिका खंडात पहिल्यांदाच आलेला. त्यानंतर तिथल्या अनेक ठिकाणी मेलेल्या पक्ष्यांची खबर लोकांकडून फोनवर घेण्याची व्यवस्था झाली. कुठल्या भागात कावळे पडताहेत यावरून विषाणू कुठवर पोचला ते कळू लागलं. आता बर्ड फ्लूच्या काळात तर हे अधिकच खरं आहे. तळ्याकाठी एकाच सकाळी चार बदकं मेलेली दिसली तर ते बघणारा माणूस पशुसंवर्धन खात्याचा क्रमांक शोधत बसत नाही. तो ज्याला प्राण्यांचं कळतं असं त्याला वाटतं त्याला फोन करतो. म्हणजे आम्हाला. तो फोन "मेलेल्याला आम्ही काय करणार" म्हणून ठेवून दिला गेला, तर एक धागा तिथेच तुटतो. आणि तो तसा ठेवून दिला जातो, मी शेजारच्या खुर्चीवरून ऐकलेला आहे. ज्याने ठेवला तो पोरगा रात्री अकरापासून एकटा बसलेला होता, सकाळचे सात वाजले होते, त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मग सांगायचं कुणी, आणि बसायचं कुणी? इथे माझे सहकारी माझ्यावर रागावतात. ते म्हणतात, हे सेवेचं काम आहे, त्यात पगार आणि परीक्षा आणल्या की त्यातलं मन जाईल. मला मन जायला नकोय. पण लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा या पाद्र्याने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला, त्याचंच पुढे 'समॅरिटन्स' झालं, आणि तिथे फोनवर बसणारी माणसं आजही स्वयंसेवकच आहेत. त्यांना निवडून घेतात, शिकवतात, सुरुवातीला अनुभवी माणसाच्या शेजारी बसवतात, आणि पाळी संपल्यावर त्या दिवशीच्या जड फोनांबद्दल कुणाशी तरी बोलून मगच घरी सोडतात. विनामूल्य काम आणि शिस्तीचं काम यांत भांडण नाही, हे त्यांनी ७० वर्षं दाखवून दिलं आहे. आमच्याकडे नव्या मुलाला काय मिळतं? एक क्रमांकांची यादी आणि "अडलं तर विचार." रात्री दोनला कुणाला विचारणार?

त्या मुलाला रात्री दोनला काय ऐकावं लागतं तेही सांगते. रस्त्यावर गाडीने उडवलेलं हरीण, मागचे पाय निर्जीव, पुढच्या दोन पायांवर उठायची धडपड, आणि फोनवर ज्याच्या गाडीने उडवलं तोच माणूस, हुंदके देत. जवळचा पशुवैद्य तासाभराच्या अंतरावर. त्याला सांगायचं असतं: डोळ्यांवर जाड कापड टाका, गाडीचे दिवे बंद करा, हात फिरवू नका, बोलू नका, तुमचा हात त्याला धीर देत नाही, त्याच्या लेखी तो शिकाऱ्याचा पंजा आहे. डॉक्टर येतोय, पण बहुधा वाचवायला येत नाहीये. हे शेवटचं वाक्य कसं म्हणायचं हे कुणी शिकवलेलं नसलं तर पोरगा ते म्हणत नाही. तो म्हणतो, "काळजी करू नका, होईल बरं." मग सकाळी तो माणूस चौकशीला फोन करतो.

माझ्या मते किमान तीन गोष्टी आजच करता येतील आणि त्यांना एका गाडीएवढाही खर्च नाही. रात्रीच्या पाळीला दुसऱ्या लाइनवर एक पशुवैद्य, मानधन देऊन, नुसता जागा. फोनवर दिलेल्या सल्ल्याची दुसऱ्या दिवशी उलट चौकशी: पिल्लाचं काय झालं, हे विचारणारा एक फोन. उत्तर वाईट असलं तरी विचारायचं. माझ्या त्या फोटोसारखं एखादं उत्तर चार नव्या मुलांना शिकवून जाईल. आणि नव्या माणसाने पहिले काही आठवडे नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही. सरकारी खाती हेल्पलाइनचा क्रमांक जाहीर करून मोकळी होतात आणि तो क्रमांक कचेरीच्या वेळेत वाजतो. घुबडं, वटवाघळं आणि रस्त्यावरची हरणं ती वेळ पाळत नाहीत. क्रमांक जाहीर करणं म्हणजे दार रंगवणं. आत कोण बसलंय ते विचारायला हवं.

'येणार नाही' असं म्हणायचा अधिकारही त्या मुलाला कागदावर मिळायला हवा. आज तो म्हणायला कचरतो, कारण फोन करणारा म्हणतो, "मग तुमची संस्था आहे कशाला?" आणि उद्या समाजमाध्यमांवर तेच लिहितो. बागेतला साप कुणालाही त्रास न देता जात असताना "घेऊन जा" म्हणणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे; आपल्या मुलखातून उचलून दूर सोडलेले साप नव्या जागी भरकटतात आणि जास्त मरतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. तिथेही गाडी पाठवली की आकडा वाढतो. साप मात्र कमी होतो.

आता ती नोंदवही. आमच्या नोंदीत फोनच्या शेवटी 'निष्पत्ती' असा रकाना आहे आणि त्यात निवडायला चार पर्याय: वाचवला, मृत, हस्तांतरित, इतर. पुढच्या बैठकीत मी पाचवा मागणार आहे, 'सल्ल्याने जागीच राहिला', आणि वार्षिक अहवालात त्याचा आकडा पहिल्या आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. खजिनदारांनी आधीच विचारून ठेवलंय, की यावर देणगी कशी मागायची. मी म्हटलं, मला १८ मिनिटं द्या. तोवर त्या संध्याकाळचा तो फोन, चोचीत काहीतरी घेऊन आलेल्या आईसकट, 'इतर'मध्ये आहे.